बाळाच्या चेहऱ्यावरचा लाल चट्टा: मेंदूला धोका कधी, तपासण्या कोणत्या आणि सोलापुरात काळजी कशी घ्यायची

बाळ घरी आलं की आजी, आत्या, मावशी कोणी ना कोणी त्याच्या अंगावरचे डाग बघतंच. मानेमागे लालसर ठिपका, दोन भुवयांच्या मधोमध गुलाबी छटा, ढुंगणावर निळसर-काळा डाग. यातलं बहुतेक सगळं निरुपद्रवी असतं. भुवया-पापण्यांवरची गुलाबी छटा साधारण वर्ष-दोन वर्षांत फिकी पडते. मानेमागची केसांखाली राहिली तरी काही बिघडत नाही. ढुंगणावरच्या निळ्या डागाची तर काळजीच करू नका.

हा लेख उरलेल्या थोड्या बाळांसाठी आहे. चेहऱ्यावर किंवा डोक्यावर पसरलेला मोठा चट्टा असतो, तेव्हा कधी कधी आतल्या, म्हणजे मानेतल्या आणि मेंदूतल्या रक्तवाहिन्यांतही दोष असतो. त्या दोषामुळे तान्ह्या बाळालाही फिट किंवा पक्षाघात होऊ शकतो. असं क्वचितच होतं, पण झालं तर नुकसान मोठं असतं. लहान मुलांच्या वॉर्डात परिचारिका म्हणून काम करताना एक गोष्ट वारंवार दिसली: पालक चट्ट्याकडे कातडीचा प्रश्न म्हणून बघतात, मलम लावतात, ‘मोठेपणी जाईल’ म्हणून थांबतात, आणि पहिले दोन महिने निघून जातात. तपासणीची खरी वेळ तीच असते.

पायरी १: उजेडात नीट बघा

आंघोळीनंतर, तेल-पावडर-काजळ लावायच्या आधी, बाळाला खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात घ्या. ट्यूबलाईटखाली लाल रंग फसवा दिसतो. आपल्या सावळ्या कातडीवर हे चट्टे पुस्तकातल्या फोटोंसारखे लालभडक दिसतीलच असं नाही. ते जांभळट, तपकिरी, किंवा आजूबाजूच्या कातडीपेक्षा नुसते गडद दिसतात, आणि म्हणूनच नजरेतून सुटतात. केस बाजूला करून टाळूवरची कातडीही बघा. ओठांच्या आतून आणि कानामागेही नजर टाका.

ओळखायचे चट्टे दोन आहेत. त्यांच्यातला मुख्य फरक कधी उठतात आणि कसे वाढतात यात आहे.

पहिला हिमॅन्जिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांची वाढणारी गाठ. जन्माच्या दिवशी तो नसतोच, किंवा असला तरी इतका फिकट की कोणाच्या लक्षात येत नाही. पांढुरक्या पट्ट्यावर लाल धाग्यांसारख्या बारीक रेषा, किंवा खरचटल्यासारखी खूण, एवढंच दिसतं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तो लाल होऊ लागतो, फुगतो, पसरतो. पाचव्या ते सातव्या आठवड्यात वाढ सगळ्यात जोरात असते. पुढे वर्षभरानंतर तो हळूहळू ओसरू लागतो. मुलींमध्ये आणि दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळांमध्ये तो जास्त आढळतो.

दुसरा पोर्ट वाईन स्टेन, म्हणजे कातडीतल्या फुगलेल्या बारीक रक्तवाहिन्यांचा डाग. हा जन्मापासूनच असतो आणि सपाट असतो. डोळे मिटून बोट फिरवलं तर कुठे सुरू झाला आणि कुठे संपला ते कळत नाही. तो बाळाबरोबर वाढतो आणि आपोआप जात नाही. हजारात साधारण ३ बाळांना शरीरावर कुठेतरी असा डाग असतो. त्यातल्या बहुतेकांना मेंदूचा त्रास नसतो. कोणाला असू शकतो, ते डागाच्या जागेवरून ठरतं.

पायरी २: जागा आणि माप

शिलाईचा टेप घ्या. चट्टा सगळ्यात लांब जिथे आहे तिथे मोजा. डोक्यावर किंवा चेहऱ्यावर ५ सें.मी.पेक्षा मोठा, एखाद्या भागावर नकाशासारखा पसरलेला हिमॅन्जिओमा असेल तर डॉक्टरांना ‘फेस सिंड्रोम’ची शंका येते, म्हणजे चट्ट्यासोबत मेंदू-मानेच्या धमन्या, हृदय किंवा डोळे यांतही दोष असण्याची. फायलीवर पी-एच-ए-सी-ई अशी पाच अक्षरं लिहिलेली दिसतील. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या १०८ बाळांच्या एका अभ्यासात, अशा मोठ्या पसरलेल्या चट्ट्याच्या साधारण तीनपैकी एका बाळात हा आजार निघाला. मुलींचं प्रमाण यात खूपच जास्त आहे. गालावर मण्याएवढा एकच गोल हिमॅन्जिओमा असेल तर या आजाराची भीती सहसा नसते. पापणीवर असेल तर मात्र छोटा असला तरी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा, कारण डोळा झाकला गेला तर नजर तयार होत नाही. जबडा, हनुवटी आणि खालच्या ओठाभोवती दाढीच्या जागी पसरलेला चट्टा असेल तर श्वास ऐका. श्वास घेताना घर्र-घर्र किंवा शिट्टीसारखा आवाज येत असेल तर श्वासनलिकेतही तसाच चट्टा असू शकतो, आणि तिथे थांबायला वेळ नसतो.

बाळाची छातीही बघा. छातीच्या हाडाच्या मधोमध खाच, खळगा किंवा बेंबीच्या वर सरळ उभी वणासारखी रेघ असेल तर ती डॉक्टरांना आवर्जून दाखवा. फेस सिंड्रोमची ही एक खूण आहे आणि कपड्यांखाली असल्याने ती राहून जाते.

पोर्ट वाईन स्टेनसाठी माप कमी महत्त्वाचं, जागा जास्त. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून कानाच्या वरच्या टोकापर्यंत एक रेघ मनात ओढा. त्या रेघेच्या वर, म्हणजे कपाळ आणि वरची पापणी या भागात डाग असेल, तर ‘स्टर्ज-वेबर सिंड्रोम’ची, म्हणजे डागासोबत मेंदू आणि डोळ्याच्या रक्तवाहिन्यांतही दोष आहे का याची, तपासणी हवी. डाग दोन्ही बाजूंना असेल तर धोका वाढतो. फक्त गालावर किंवा हनुवटीवर असलेल्या डागात मेंदूचा त्रास फारसा आढळत नाही.

दर आठवड्याला एक फोटो काढा: तीच खिडकी, तीच वेळ, शेजारी टेप धरलेला. तोंडाने ‘वाढलाय’ सांगण्यापेक्षा तीन आठवड्यांचे तीन फोटो डॉक्टरांना जास्त सांगतात.

कातडीवरच्या डागाचा मेंदूशी काय संबंध

गर्भ अगदी सुरुवातीच्या आठवड्यांत असतो तेव्हा चेहऱ्याची कातडी, डोळा आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या शेजारी शेजारी घडत असतात. त्या वेळी एका जागी झालेली गडबड पुढे तिन्ही ठिकाणी दिसते. स्टर्ज-वेबरमागचं कारण २०१३ साली सापडलं. जीएनएक्यू नावाच्या जनुकात, गर्भ घडत असताना काही पेशींपुरताच, एक बदल होतो. तो आईवडिलांकडून आलेला नसतो आणि पुढच्या बाळालाही तोच आजार होईल अशी भीती नसते. फेस सिंड्रोमचं नेमकं कारण अजून सापडलेलं नाही.

‘ग्रहण पाळलं नाहीस, विळी धरलीस, म्हणून लास उठला,’ असं बाळंतिणीला सुनावणारं माणूस बहुतेक घरांत निघतंच. या बदलाचा ग्रहणाशी, डोहाळ्यांशी, पपईशी काहीएक संबंध नाही. सासूबाईंना, आजींना हे घरातल्याच कोणीतरी समजावून सांगा, कारण आईच्या मनात हा दोष घट्ट बसला की ती चट्टा लपवायला लागते. टोपडं आणि काजळाखाली लपलेला चट्टा डॉक्टरांना दिसत नाही. चट्ट्यावर बिब्बा, चुना, तापवलेली सुई, पाल्याचा रस असलं काहीही लावू नका. हिमॅन्जिओमाची कातडी नाजूक असते, ती फुटून जखम होते आणि रक्त येतं.

दोन्ही आजारांत मेंदूचा रक्तपुरवठा बिघडण्याची रीत वेगळी आहे. फेस सिंड्रोममध्ये मेंदूकडे रक्त नेणाऱ्या धमन्यांत दोष असतो. मानेतली कॅरोटिड किंवा मेंदूतली मोठी धमनी अरुंद, वेडीवाकडी, किंवा एका बाजूला नसतेच. हा दोष बहुधा चट्ट्याच्याच बाजूला असतो. हृदयातून निघणारी महाधमनीही कधी चिंचोळी असते. एखादी मुख्य धमनी फार अरुंद असेल किंवा नसेल आणि दुसरीकडून रक्त पोहोचण्याची वाटही अपुरी असेल, तिथे पक्षाघाताचा धोका सर्वात जास्त. आणि एक गोष्ट पालकांनी पक्की लक्षात ठेवावी: कातडीवरचा चट्टा वयाबरोबर ओसरतो, धमनीतला दोष तसाच राहतो. गाल स्वच्छ झाला म्हणून तपासण्या बंद करायच्या नसतात.

स्टर्ज-वेबरमध्ये मेंदूच्या पृष्ठभागावर बारीक रक्तवाहिन्यांचं जास्तीचं जाळं असतं आणि अशुद्ध रक्त परत नेणाऱ्या शिरा नीट घडलेल्या नसतात. रक्त तिथे साचतं, मेंदूच्या त्या भागाला प्राणवायू कमी पडतो. मग फिट येते, किंवा एका बाजूचे हातपाय अचानक काही तास ते काही दिवस लुळे पडतात. ज्यांच्या मेंदूत हा दोष आहे अशा बाळांपैकी बहुतेकांना पहिली फिट वर्षाच्या आतच येते. ताप, जुलाब, अंगातलं पाणी कमी होणं, अगदी डोक्याला लागलेला हलका मारही याला निमित्त होतो.

पायरी ३: कोणाकडे जायचं आणि काय मागायचं

आधी बालरोगतज्ज्ञ. सोलापुरात सिव्हिल, म्हणजे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, इथे बालरोग, त्वचारोग आणि नेत्ररोग हे तिन्ही विभाग एकाच आवारात आहेत. खेड्यावर असाल तर आशाताईंना चट्टा दाखवा. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर त्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. हिमॅन्जिओमा नेमका याच काळात वाढतो, म्हणून प्रत्येक भेटीत टोपडं काढून दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत येतं, त्यांच्याकडून पुढे पाठवण्याची चिठ्ठी मिळते.

डॉक्टरांशी बोलताना ‘चट्टा जाईल का?’ हा प्रश्न शेवटी ठेवा. आधी विचारा: ‘हा ५ सें.मी.पेक्षा मोठा आहे, मग मेंदू आणि मानेच्या रक्तवाहिन्यांचा एमआरआय लागेल का? हृदयाचा टूडी इको लागेल का? डोळे कधी दाखवू?’ फेस सिंड्रोमची शंका असेल तर या तिन्ही तपासण्या लागतात. एमआरआय नुसत्या मेंदूचा सांगितला असेल तर मान आणि महाधमनीची कमान त्यात आहे का, हे चिठ्ठीवर बघून घ्या. मानेतला दोष नुसत्या मेंदूच्या फोटोत येत नाही, आणि मग गाडीभाडं, बेशुद्धीचं औषध, सगळं दुसऱ्यांदा करावं लागतं.

स्टर्ज-वेबरच्या शंकेत डोळ्यांची तपासणी थांबवू नका. डोळ्यातला दाब वाढला, म्हणजे काचबिंदू झाला, तर तान्ह्या बाळाचा डोळा मोठा दिसतो, बुबुळ धुरकट होतं, सतत पाणी येतं, उजेडात बाळ डोळे घट्ट मिटतं. ‘किती मोठे, टपोरे डोळे आहेत!’ असं कौतुक होत असेल आणि एकच डोळा टपोरा असेल तर त्याच आठवड्यात दाखवा. एमआरआयबाबत मात्र डॉक्टर कधी कधी थांबायला सांगतात. पहिल्या काही महिन्यांत मेंदूतला दोष फोटोत न येण्याची शक्यता असते. म्हणून लहानपणी नॉर्मल आलेला एमआरआय म्हणजे प्रश्न मिटला असं धरू नका, पुढचा कधी करायचा ते लिहून घ्या.

एमआरआयसाठी बाळ हलू नये म्हणून भूल द्यावी लागते. साधारणपणे आईचं दूध ४ तास आधी आणि वरचं दूध ६ तास आधी बंद करतात, पण नेमकी वेळ भूलतज्ज्ञांकडूनच घ्या. धमन्यांचा दोष असलेलं बाळ त्याहून जास्त वेळ उपाशी राहणं आणि भुलीत त्याचा रक्तदाब खाली येणं, दोन्ही धोक्याचं. म्हणून पहिला नंबर मागा आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना चट्ट्याबद्दल स्वतःहून सांगा. अगदी लहान बाळाचा एमआरआय कधी कधी भूल न देता, दूध पाजून, घट्ट गुंडाळून झोपेतही होतो. ते शक्य आहे का, विचारून बघा.

पायरी ४: प्रोप्रॅनोलॉल सुरू करताना

हिमॅन्जिओमावर प्रोप्रॅनोलॉल हे औषध चालतं, हे २००८ साली फ्रान्समधल्या बोर्दो इथल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं, आणि तेव्हापासून उपचारच बदलले. औषध उत्तम आहे. पण ते रक्तदाब आणि नाडी कमी करतं. मेंदूची धमनी आधीच चिंचोळी असेल तर दाब खाली गेल्यावर पुढे रक्त कमी पोहोचतं. म्हणून मोठ्या पसरलेल्या चट्ट्यात, शक्य असेल तेव्हा, औषधाआधी एमआरआय आणि इको करायचा असतो. फेस सिंड्रोम ठरलाच तरी औषध देता येतं. फक्त थोड्या मात्रेपासून, हळूहळू वाढवत, दिवसाचा डोस तीन भागांत विभागून, आणि मेंदूविकार व हृदयविकाराच्या डॉक्टरांना विचारून.

घरी देताना चूक होण्याची जागा गोळी ही आहे. ही गोळी १० आणि ४० मि.ग्रॅ. अशा दोन्ही ताकदीत मिळते. मेडिकलवाल्याने बदलून दिली तर बाळाला चौपट डोस जातो. दर वेळी पाकिटावरचा आकडा चिठ्ठीशी जुळवा. गोळी किती पाण्यात विरघळवून किती मि.ली. द्यायची, ते नर्सकडून एकदा प्रत्यक्ष करून घ्या आणि एकदा त्यांच्यासमोर स्वतः करा. दूध पाजल्यावरच औषध द्या, उपाशीपोटी दिलं तर रक्तातली साखर उतरते. ६ आठवड्यांपेक्षा लहान बाळाला ४ तासांपेक्षा, आणि ४ महिन्यांपर्यंतच्या बाळाला ५ तासांपेक्षा जास्त वेळ दुधाशिवाय ठेवू नका, रात्रीसुद्धा. बाळ पीत नसेल, उलट्या होत असतील, किंवा छातीत घरघर असेल तर पुढचा डोस देण्याआधी डॉक्टरांना फोन करा. आणि बरं वाटतंय म्हणून औषध मनाने अचानक बंद करू नका.

काही बाळांना डॉक्टर थोड्या मात्रेत अ‍ॅस्पिरिनही देतात. ते डॉक्टरांशिवाय दुसऱ्या कोणाच्या सल्ल्याने सुरू करायचं औषध नव्हे. चालू असेल तर कांजिण्या किंवा फ्लूची साथ आल्यावर लगेच विचारा, कारण त्या आजारांत अ‍ॅस्पिरिनने यकृत आणि मेंदूला गंभीर इजा होऊ शकते. फ्लूच्या लसीबद्दलही आधीच बोलून ठेवा.

पायरी ५: घरी काय टिपायचं

मोठ्या माणसाचं तोंड वाकडं होतं, बोलणं अडखळतं. तान्हं बाळ ना बोलतं, ना सांगतं. त्यामुळे त्याच्या रोजच्या हालचाली तुम्हाला पाठ असायला हव्यात.

चार महिन्यांच्या बाळासमोर खुळखुळा आधी उजवीकडे, मग डावीकडे धरून बघा. दर वेळी एकच हात पुढे येतो का? दुसऱ्या हाताची मूठ कायम मिटलेली, अंगठा आत दाबलेला? लंगोट बदलताना एक पाय कमी झटकतो? वर्षाच्या आत बाळ एकच हात वापरत असेल तर ‘डावखुरं होणार’ असं कोणी कौतुकाने म्हणेल, पण इतक्या लवकर एका हाताचं झुकणं हे दुसऱ्या हाताच्या अशक्तपणाचं लक्षण असू शकतं.

फिट दर वेळी अंगभर झटके देऊन येत नाही. एका हाताचं किंवा एका गालाचं लयीत उडणं, डोळे एका बाजूला अडकून राहणं, पापण्या फडफडणं, ओठ चघळल्यासारखे हलणं, मध्येच श्वास थांबून निळं पडणं, या सगळ्या फिटा असू शकतात. साधी थरथर असेल तर हात हळूच धरल्यावर थांबते. फिट धरल्याने थांबत नाही. याशिवाय अचानक मरगळून पडणं, अंग सैल पडणं, दूध ओढायचं सोडून देणं, एरवीपेक्षा वेगळं किंचाळून रडणं, हेही आपत्कालीन समजा.

फिट आली तर बाळाला कुशीवर वळवा, घड्याळ बघा, आणि दुसऱ्या कोणालातरी मोबाईलवर व्हिडिओ काढायला सांगा. तोंडात चमचा, बोट, पाणी, गुटी काही घालू नका. कांदा, चप्पल नाकाशी धरण्यात मोलाची मिनिटं जातात. १०८ ला फोन करा. पहिलीच फिट असेल तर ती किती वेळ चालली याचा हिशेब न करता दवाखान्यात न्या. आधीपासून फिटा असणाऱ्या बाळाला ५ मिनिटांच्या पुढे गेली तर डॉक्टरांनी लिहून दिलेला नाकातला स्प्रे वापरा आणि निघा. कॅज्युअल्टीत शिरताना पहिलं वाक्य हे असू द्या: ‘बाळाच्या चेहऱ्यावर चट्टा आहे, मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा धोका सांगितलाय, आणि अमुक वाजल्यापासून डावी बाजू हलत नाही.’ नुसतं ‘आकडी आली’ म्हटलं तर तापाची आकडी समजून चालण्याची शक्यता असते.

पायरी ६: सोलापूरचा उन्हाळा

एप्रिल-मे मध्ये इथे पारा ४२ च्या पुढे जातो, पत्र्याच्या घरात तर रात्रीही भट्टी असते. या बाळांच्या बाबतीत अंगातलं पाणी कमी होणं म्हणजे नुसता अशक्तपणा राहत नाही. रक्त दाटतं, दाब उतरतो आणि चिंचोळ्या वाटेतून मेंदूला जाणारं रक्त आणखी घटतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं पाणी नको, आईचं दूध जास्त वेळा द्या, आणि आईने स्वतः भरपूर पाणी प्यावं. दिवसाला सहा लंगोट ओले व्हायला हवेत. लघवी पिवळी-गडद, ओठ कोरडे, टाळू खोल गेलेली, ही दवाखान्यात जायची वेळ. जुलाब सुरू झाले की पहिल्या पातळ शीपासूनच ओआरएसबद्दल डॉक्टरांना विचारा. अशा बाळाला दोन दिवस ‘बघू’ म्हणायचं नसतं. भर दुपारी मोटारसायकलवरून अक्कलकोट-पंढरपूर, लग्नाच्या मांडवात दिवसभर, हे त्या वर्षापुरतं टाळा. ताप आल्यावर पॅरासिटामॉलची मात्रा वजनावर ठरते, ती आधीच लिहून घेऊन फ्रिजवर चिकटवा. लसी चुकवू नका. लसीनंतरच्या तापासाठी काय करायचं तेवढं आधी विचारा.

पुण्या-मुंबईला किंवा हैदराबादला पाठवलं तर

लहान मुलांचे मेंदूविकारतज्ज्ञ किंवा भुलीसह एमआरआय इथे वेळेवर मिळाला नाही तर बाहेर जावं लागतं. पुणे अडीचशे किलोमीटरवर आहे. रात्री उशिरा निघण्यापेक्षा पहाटेची गाडी बरी, म्हणजे ऊनही टळतं आणि बाळाचं दूध-औषधाचं वेळापत्रकही मोडत नाही. निघण्याआधी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तिथला उपचार बसतो का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. रेशनकार्ड, आधार आणि बाळाचा जन्मदाखला सोबत ठेवा.

फायलीच्या पहिल्या पानावर बाळाचं आजचं वजन, चालू औषधं मि.ग्रॅ.सह, चट्ट्याची बाजू आणि शेवटच्या एमआरआयची तारीख लिहा. एमआरआयचा नुसता रिपोर्ट पुरत नाही, सीडी मागून घ्या. मोठी डॉक्टर मंडळी फोटो स्वतः बघतात. बाळाची वाढ मागे पडत असेल, एक बाजू अशक्त राहिली असेल, तर फिजिओथेरपी लगेच सुरू करा आणि त्यासाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात नाव नोंदवा. फेस सिंड्रोमच्या मुलांचं ऐकणं आणि बोलणंही तपासून घ्यावं लागतं आणि पुढे डोकेदुखी सुरू झाली तर ती अंगावर काढायची नसते. पोर्ट वाईन स्टेनवर लेझरचे उपचार आहेत आणि ते लहान वयात सुरू केले तर परिणाम चांगला येतो. पण त्यांचा क्रम डोळा आणि मेंदूच्या तपासणीनंतरचा. स्टर्ज-वेबरच्या मुलाचा डोळ्यांचा दाब मात्र लेझर होवो न होवो, मोठेपणीही ठरावीक अंतराने मोजून घ्यावा लागतो.